जळगावच्या उन्हात मिठाच्या पाण्यापासून हायपो: बीकर ते कारखाना

एक किलो क्लोरीनइतकं काम करणारं जंतुनाशक बनवायला साधारण साडेतीन किलो मीठ, सव्वाशे लिटर पाणी आणि पाचेक युनिट वीज लागते. मिठाचं पाणी दोन पत्र्यांच्या मधून न्यायचं, पत्र्यांना डीसी करंट द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला सोडियम हायपोक्लोराइटचं, म्हणजेच हायपोचं, पातळ द्रावण काढून घ्यायचं. केमिकल इंजिनीअरिंगला असताना आमच्या पुस्तकात हा भाग पानभरात आटोपला होता. जळगाव एमआयडीसीत त्याचं उत्पादन उभं करताना लक्षात आलं, रिॲक्शन खरोखरच पानभराची आहे. बीकरमध्ये जशी चालली तशीच ती आज कारखान्यात चालते. आमचा वेळ आणि पैसा गेला तो तिच्याभोवतीच्या गोष्टींत: उष्णता, हायड्रोजन, बोअरचं पाणी, तांब्याच्या पट्ट्यांचे जोड. त्याची हकिकत जरा सविस्तर लिहितेय, कारण सुरुवात करताना मराठीत असं काही वाचायला मिळावं म्हणून मी बरीच शोधाशोध केली होती.

खान्देशात हायपोला गिऱ्हाईक दोन प्रकारचं. पहिलं पाणीपुरवठ्याचं. गावोगावच्या टाक्यांत आजही बहुतेक ठिकाणी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवून टाकतात. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पण पोतं एकदा फोडलं आणि पत्र्याच्या खोलीत त्याने एप्रिल-मे काढले, की त्यातलं किती उरलं ते पावडरीकडे बघून सांगता येत नाही. जलसुरक्षक बिचारा ठरलेल्या मापाने पावडर टाकतो आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन आहे का बघायची चाचणी, घेतली की नळीत पिवळा रंग येतच नाही. टोकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं असं पिण्याच्या पाण्याचं मानक सांगतं. पावसाळ्याच्या तोंडावर ते उरलं नाही तर गावात जुलाब-उलट्यांची साथ यायला वेळ लागत नाही. मी या धंद्यात पडले त्याचं मुख्य कारण हेच.

दुसरं गिऱ्हाईक केळीचं. रावेर, यावल, चोपड्याकडचा निर्यातीचा माल पॅकहाऊसमध्ये आला की घडाच्या फण्या कापून आधी एका हौदात सोडतात. तिथे चीक निघतो. मग दुसऱ्या हौदात क्लोरीनचं पाणी. फणीबरोबर थोडाफार चीक त्या हौदातही येतो आणि क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून दिवसभर थोडं थोडं हायपो घालत राहावं लागतं.

पॅकहाऊसवाले तेव्हा बाहेरून येणारे १२ टक्क्यांच्या हायपोचे कॅन वापरायचे. त्यातला नमुना मी आमच्या छोट्या लॅबमध्ये टायट्रेशनने तपासायचे. फ्लास्कमध्ये पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसेटिक ॲसिड घ्यायचं, त्यात पातळ केलेलं हायपो टाकलं की गडद तपकिरी रंग चढतो. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत जायचं. रंग गवती पिवळा झाला की स्टार्चचे चार थेंब, त्यासरशी सगळं निळंकाळं. मग हात आखडून एकेक थेंब सोडायचा, आणि कुठल्या तरी एका थेंबाला फ्लास्क एकदम स्वच्छ होतो. तो आकडा लिहायचा. कॅनवर १२ टक्के छापलेलं असलं तरी मे महिन्यात माझं उत्तर आठच्या आसपास यायचं. पुरवठादाराशी त्यावरून वादावादी झाली, पण सगळा दोष त्याच्या पदरात घालता येत नाही. घट्ट हायपो उष्णतेने आपोआप मोडतं. तापमान १० अंशांनी चढलं की मोडण्याचा वेग तिप्पट-चौपट होतो, आणि द्रावण जितकं घट्ट तितकी ही पडझड जोरात. ट्रकवर ताडपत्रीखाली आलेला माल ४४ अंशांच्या शेडमध्ये पडून राहिला तर दुसरं काय होणार? याउलट एक टक्क्याच्या आतलं हायपो याच उन्हात कितीतरी जास्त टिकतं. म्हणजे आपल्या हवेला पातळच हायपो मानवणार, आणि पातळ हायपो लांबून आणणं परवडणार नाही. ते इथेच बनवायला हवं. माझा सगळा हिशेब इथून सुरू झाला.

बीकरचा प्रयोग सोपा. एक लिटर पाणी, ३० ग्रॅम मीठ, दोन पत्रे, १० अॅम्पियर करंट, एक तास. पत्रे मात्र नीट हवेत. ॲनोडला, म्हणजे धन टोकाला, साधा स्टीलचा पत्रा लावला तर तो विरघळून पाणी गंजाच्या रंगाचं होतं. आपल्याला लागतो तो टायटॅनियमचा पत्रा, वर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप. हा लेप हेन्री बीअर यांनी १९६० च्या दशकात शोधला, त्याआधी ग्रॅफाइटच्या कांड्या वापरायचे आणि त्या झिजून झिजून बदलाव्या लागायच्या. आज जगभर मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढणारे कारखाने या लेपावर उभे आहेत. सगळ्या यंत्रातली सगळ्यात महाग वस्तूही तीच.

फॅरेडेने १८३३-३४ च्या सुमारास मांडलेला नियम हिशेबाला पुरतो. एक हजार अॅम्पियर तासभर वाहिला की जास्तीत जास्त १.३२ किलो क्लोरीन, त्याहून एक ग्रॅमही जास्त नाही. माझ्या बीकरमध्ये १० अॅम्पियरला १३ ग्रॅम यायला हवं होतं, टायट्रेशनमध्ये आठ ग्रॅम मिळालं. बाकीचा करंट वाया जातो: थोडा ऑक्सिजन काढण्यात, थोडा झालेलं हायपो कॅथोडवर, म्हणजे ऋण पत्र्यावर, जाऊन पुन्हा मीठ होण्यात, थोडा क्लोरेट नावाचा नको असलेला क्षार बनवण्यात. मिठाचंही तेच. ३० पैकी जेमतेम सात ग्रॅम कामी येतं, उरलेलं तयार मालाबरोबर बाहेर पडतं. मीठ वाचवावं म्हणून करंट जास्त वेळ चालू ठेवला तर लिटरमागे ८-१० ग्रॅमच्या पुढे हायपो वाढायचं नावच घेत नाही, वीज तेवढी जळते. त्यामुळे मीठ जाऊ द्यायचं आणि विजेचा खर्च आवरायचा. सगळे उत्पादक याच तडजोडीवर थांबतात, आम्हीही थांबलो.

कारखान्याचं उद्दिष्ट ठेवलं ताशी दोन किलो क्लोरीन. म्हणजे ताशी २५० लिटर द्रावण. कागदावर हे बीकरच्या अडीचशे पट, आणि करंट सुमारे २,३०० अॅम्पियर. सगळा करंट एकाच सेलमधून, म्हणजे पत्रे बसवलेल्या एकाच डब्यातून, नेला तर व्होल्टेज लागतं फक्त चार, पण मनगटाएवढं तांबं लागतं आणि असा रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारं यंत्र, कोणी सहज बनवून देत नाही. म्हणून दहा सेल एकापुढे एक जोडले. करंट २३० अॅम्पियर, व्होल्टेज ४०, पॉवर नऊ किलोवॅटच्या थोडी वर. ही मांडणी काही मी शोधलेली नाही, सगळीकडे अशीच असते. नऊ किलोवॅटमधलं बरंचसं कुठे जातं, याचा विचार मात्र आमच्या हवेत फार बारकाईने करावा लागतो.

ते उष्णतेत जातं. चार व्होल्टपैकी प्रत्यक्ष रसायन घडवायला लागतात ते थोडे, बाकीचे पाणी तापवतात. बीकरमध्ये ४० वॉट असतात आणि काचेतून बरीच उष्णता बाहेर पडते, परातीत गार पाणी घालून बीकर त्यात ठेवला की प्रश्न संपला. कारखान्यात द्रावण अडीचशे पट झालं तरी त्याला बाहेरून लागणारी हवा त्या मानाने वाढत नाही. आमचा हिशेब सांगत होता की आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणारं द्रावण २० अंशांनी तापलेलं असेल, आणि थर्मामीटरने तेच दाखवलं. डिसेंबरात ठीक आहे, टाकीतलं पाणी २०-२२ अंश, माल ४२. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच ४० अंश. त्यात २० मिळवा. साठ अंशांना हायपो बनता बनता क्लोरेट व्हायला लागतं. टक्केवारी घसरते हा एक तोटा, आणि क्लोरेट पिण्याच्या पाण्यात जाणं हा दुसरा, त्याहून मोठा. जागतिक आरोग्य संघटनेची त्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.७ मिलिग्रॅम आहे. ज्या गावासाठी आपण हे बनवतोय त्याच गावाच्या नळात क्लोरेट सोडायचं, हे मला पटणारं नव्हतं. द्रावण ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा नियम मी भिंतीवर लावला.

पहिला उपाय सगळे सुचवतात, चिलर. तो महाग, आणि त्याची वीज धरली तर किलोमागचा खर्च हाताबाहेर जातो. मग साधा कूलिंग टॉवर बघायचं ठरलं. बऱ्याच जणांनी वेड्यात काढलं, बाहेर ४४ अंश असताना टॉवर काय थंड करणार म्हणून. पण टॉवर हवेच्या तापमानावर चालत नाही, हवेच्या कोरडेपणावर चालतो. रांजणातलं पाणी वैशाखात गारेगार लागतं आणि श्रावणात तेवढं लागत नाही, त्याचं कारण हेच. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवेत दमटपणा नावालाही नसतो, ओल्या फडक्याच्या थर्मामीटरने मोजलं तर २४ अंशांच्या आसपास उतरतो. टॉवरमधून २८ अंशांचं पाणी येतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ३० अंश असूनही टॉवरचं पाणी मे महिन्यापेक्षा गार मिळत नाही. खान्देशच्या उन्हाळ्याला आपण नावं ठेवतो, पण या एका कामात तो कोकणाच्या हवेपेक्षा सरस आहे, आणि हे आकड्यात दिसलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आता सेलमध्ये जाणारं पाणी आधी टॉवरच्या पाण्याने उष्णता काढून घेणाऱ्या, टायटॅनियमच्या प्लेटवाल्या एक्स्चेंजरमधून जातं, पाचव्या सेलनंतर द्रावण पुन्हा एकदा दुसऱ्या एक्स्चेंजरमधून फिरतं, आणि शेवटी ४० च्या आत बाहेर येतं. पाण्याची टाकीही गच्चीवरून खाली, जमिनीतल्या हौदात नेली. तेवढ्यानेच आठ-दहा अंश वाचले.

हायड्रोजनबद्दल जास्त लिहायला हवं, कारण छोट्या प्रयोगात त्याची जाणीवच होत नाही. कॅथोडवरून बारीक बुडबुडे निघतात, खिडकी उघडी असते, गेले. ताशी दोन किलोच्या प्लांटमध्ये तासाला हजार लिटरच्या पुढे हायड्रोजन निघतो. द्रावण २५० लिटर आणि वायू हजार, म्हणजे पाइपमधून वाहतं ते मुख्यतः वायूच. पारदर्शक ॲक्रिलिकच्या सेलमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. पहिल्या सेलमध्ये पाणी स्वच्छ, तिसऱ्यात दुधाळ, आणि पुढे पत्र्यांच्या वरच्या कडेला नुसता फेस. फेसातून वीज नीट जात नाही. व्होल्टेजचा काटा थरथरायला लागतो, पत्र्याचा वरचा भाग काम करत नाही आणि खालच्या भागावर जास्तीचा बोजा पडून लेप लवकर जातो. त्यावर उपाय म्हणजे दर दोन सेलनंतर एक उभं भांडं, त्यात वायू वरून निघून जातो आणि द्रावण खालून पुढच्या सेलला जातं. जळगावात पीव्हीसी पाइप आणि फिटिंग मागाल त्या मापाचं मिळतं, त्यामुळे ही भांडी आम्ही पाइपातूनच बनवून घेतली. सेलमधला प्रवाह कायम खालून वर ठेवला, बुडबुड्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यायचं.

बाहेर काढलेल्या हायड्रोजनचं काय? हवेत तो चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि दिवसा त्याची ज्योतही धड दिसत नाही. आम्ही ठरवलं की तो हवेत एक टक्क्याच्या खूप आत असला पाहिजे. त्यासाठी त्याच्या शंभरपट हवा लागते, आमचा ब्लोअर दुपटीहून जास्त देतो, आणि दुसरा ब्लोअर तयार उभा असतो. ब्लोअरच्या नळीत हवेचा स्विच आहे. हवा थांबली की रेक्टिफायर तिथल्या तिथे बंद. हा स्विच कोणालाही बायपास करता येऊ नये म्हणून त्याची वायर पॅनेलच्या आतून नेली. वायू बाहेर सोडणारा पाइप छपराच्या वर, आणि छपराच्या अगदी कण्याजवळ उघडी झरोक्याची पट्टी. हायड्रोजन हलका असल्यामुळे पत्र्याखाली सगळ्यात उंच कोपऱ्यात जाऊन बसतो. शेड बांधताना गवंडी-वेल्डर मंडळींना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी झरोका दोन बोटं जास्तच ठेवला. परवाने, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमनचा दाखला हे सगळं यथावकाश झालं. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

विजेच्या बाजूला आम्हाला आप्पा मिळाले हे आमचं नशीब. आप्पा भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झालेले, आयुष्यभर मोठ्या करंटची जोडणी केलेली. तांब्याच्या पट्ट्या मी २५ बाय ६ मिलिमीटरच्या मागवल्या होत्या, माप बरोबर होतं. बाहेरच्या कंत्राटदाराच्या माणसांनी जोडणी करून दिली, चाचणी झाली, मीटर ठीक दाखवत होते. आप्पा नुसते जोडांवरून हात फिरवत, म्हणजे हात इंचभर लांब धरून, चालत गेले आणि सातव्या सेलपाशी थांबले.

"ताई, हा बोल्ट आवळेलच नाही."

वरून घट्टच वाटत होता. खोलला तर पट्टीच्या पाठीवर रंगाचा थर तसाच राहिलेला. मिलिओहम म्हणजे ओहमचा हजारावा भाग, घरच्या वायरिंगमध्ये त्याची दखलही कोणी घेणार नाही. पण २३० अॅम्पियरला एका मिलिओहमच्या जोडात ५० वॉट जळतात, रात्रंदिवस. आप्पांनी सगळे जोड खोलायला लावले, पॉलिश पेपरने तांबं लालभडक होईपर्यंत घासलं, त्यावर जोडाची पेस्ट लावली आणि टॉर्क पाना घेऊन प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला. प्रत्येकावर मार्करने एक आडवी रेघ मारली, बोल्ट जरा हलला तरी रेघ तुटलेली दिसावी म्हणून. आजही सोमवारी सकाळी ऑपरेटर आधी रेघा बघतो, मग स्विच टाकतो.

वीज गेल्यावर काय करायचं हेही आप्पांनीच पक्कं केलं. करंट अचानक थांबला आणि सेलमध्ये हायपो भरलेलं राहिलं की सेल उलट दिशेने वीज सोडू पाहतो, आणि कॅथोडला ते सोसत नाही. म्हणून वर साध्या मऊ पाण्याची टाकी आणि वीज जाताच आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह. लाइट गेले की सगळे सेल स्वच्छ पाण्याने धुऊन निघतात. आमच्याकडे लाइट जायला कारण लागत नाही, तेव्हा हा व्हॉल्व्ह जेवढा राबतो तेवढं दुसरं काहीच राबत नसेल.

पाण्याच्या बाबतीत खान्देश अवघड आहे. आमच्या बोअरच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या वर. घरी गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कॅथोडच्या पृष्ठभागावर पाणी खूप अल्कधर्मी होतं, त्यामुळे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नेमके तिथेच येऊन बसतात. हे क्षार काढणारा सॉफ्टनर न लावता मुद्दाम एक छोटा सेल चालवून पाहिला. आधी पत्र्याच्या खालच्या कडेला पिठूळ डाग, मग तो डाग वर चढत जातो, मग खरखरीत थर, आणि शेवटी दोन पत्र्यांमधली फट बुजून पाणी एका बाजूनेच वाहायला लागतं. नखाने खरवडला तर खपली निघते, पण ॲनोडजवळ नख किंवा ब्रश नेणं म्हणजे महागडा लेप ओरबाडणं. तो थर ॲसिडनेच काढायचा. पाच टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड फिरवलं की फसफसून थर जातो. मात्र त्याआधी सेलमधलं हायपो थेंबन् थेंब धुऊन काढायलाच हवं, कारण ॲसिड आणि हायपो भेटले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद शेडमध्ये तो जीव घेऊ शकतो. आमच्याकडे ॲसिडची नळी आणि पाण्याची नळी एकाच कपलिंगला बसते. पाण्याची काढल्याशिवाय ॲसिडची लागत नाही, आणि पाण्याची काढायच्या आधी बाहेर पडणाऱ्या पाण्याची ओटी टेस्ट. रंग आला तर अजून धुवा.

सॉफ्टनरनंतर हार्डनेस वीसच्या खाली ठेवतो. पण पाणी मऊ केलं तरी मिठातून कॅल्शियम येतंच. मीठ येतं गुजरातेतून, देशातलं बहुतेक मीठ तिथलंच. खडं मीठ स्वस्त असतं, पण त्यात माती, जिप्सम, मॅग्नेशियम सगळं. आयोडीनचं पाकीटबंद मीठही नको, त्यात गाठी होऊ नयेत म्हणून घातलेली पूड त्रास देते. शुद्ध केलेलं, आयोडीन नसलेलं आणि ब्रोमाइड कमी असलेलं मीठ घ्यायचं. ब्रोमाइडचं पुढे ब्रोमेट होतं आणि तेही पिण्याच्या पाण्यात नको असतं. सुरुवातीला व्यापारी म्हणायचे, "मीठ ते मीठ, त्यात काय बघायचं?" आता गोणी उतरवण्याआधी आमचा मुलगा त्यातलं चमचाभर पाण्यात विरघळवून गढूळपणा बघतो आणि तपासणीचा कागद मागतो.

माल तयार झाल्यावर गिऱ्हाइकांचा एकच प्रश्न: "तुमचं ०.८ टक्के, त्यांचं १२ टक्के. तुम्ही १२ का नाही बनवत?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी भरूचकडच्या एका मोठ्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात जाऊन आले. तिथे क्लोरीन आणि कॉस्टिक एकमेकांना भेटूच देत नाहीत, मधे मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, असतं. कॉस्टिक निघतं ३२ टक्क्यांचं, क्लोरीन वेगळा, आणि पुढे दोन्ही हव्या त्या प्रमाणात एकत्र करून हायपो. सेलचं व्होल्टेज तीनच्या आसपास, म्हणजे आमच्यापेक्षा कमी, तेही चौरस मीटरला चार ते सहा हजार अॅम्पियर असताना. टनभर कॉस्टिकला २,२०० ते २,५०० युनिट. बघून थक्क व्हायला होतं. पण त्या मेम्ब्रेनला लागणाऱ्या ब्राइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आत हवेत. आम्ही २० मिलिग्रॅमवर खूश असतो, त्यांना त्याचा हजारावा भाग लागतो. शिवाय क्लोरीन वायू साठवणं, हाताळणं, गळती झाली तर निस्तरणं. ते काम त्या आकाराच्या कारखान्याचंच आहे. वस्तीला लागून असलेल्या आमच्या शेडमध्ये क्लोरीनची टाकी ठेवायचा विचारही मी करणार नाही. आमच्या पद्धतीत वायूरूप क्लोरीन कधी साठतच नाही, आणि ०.८ टक्क्यांचं द्रावण अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुऊन माणूस परत कामाला लागतो. गावच्या टाकीवर काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

प्रश्न उरला वाहतुकीचा. प्लांट पूर्ण दिवस चालला तर सहा हजार लिटर माल. त्यात क्लोरीन फक्त ४८ किलो. चोपड्याला टँकर पाठवायचा तर डिझेल जाळून आम्ही पाणीच पोचवत होतो. तेवढ्याच क्लोरीनला लागणारं मीठ पन्नास किलोच्या साडेतीन गोण्या, कुठल्याही टेम्पोच्या कोपऱ्यात मावतात. मग आम्ही वाढवायची दिशाच बदलली. मोठा प्लांट जळगाव आणि आसपासच्या गिऱ्हाइकांपुरता ठेवला, आणि लांबच्यांसाठी त्याच सेलची लहान स्किड बनवली: लोखंडी चौकटीवर सॉफ्टनर, मिठाची टाकी, चार सेल, रेक्टिफायर, ब्लोअर, सगळं जोडून तयार. पहिली एका पॅकहाऊसवर बसली. लहान आकारात उष्णतेचा प्रश्न सौम्य होतो, हायड्रोजनही ब्लोअरच्या आवाक्यात राहतो. सेल, पत्रा, बोल्ट सगळं मोठ्या प्लांटचंच, त्यामुळे सुटे भाग आणि ऑपरेटरचं शिक्षण एकदाच. एक लाख लिटरच्या टाकीला दोन मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर २५ लिटर द्रावण पुरतं. हे माप टाकीवरच्या बादलीवर रेघ मारून देता येतं, आणि बादलीतलं द्रावण आजचंच असतं, पोत्यात दोन महिने पडलेलं नसतं. एका गावच्या जलसुरक्षक नानांनी शेवटच्या नळावरची ओटीची पिवळी नळी माझ्यासमोर उजेडात धरली आणि म्हणाले, "आता रंग येतो, ताई. आता सह्या करताना हात थरथरत नाही."

लेप किती वर्षं टिकतो ते आता रोजच्या नोंदीतून कळतंय. करंट तोच असताना सेलचं व्होल्टेज हळूहळू चढायला लागलं, आणि ॲसिडने धुऊनही उतरलं नाही, तर लेप संपत आला असं समजायचं. मोठ्या प्लांटचा तिसरा सेल तसं दाखवतोय. तो काढून पुन्हा लेप द्यायला पाठवायचाय, टायटॅनियमचा पत्रा तोच वापरता येतो.

सध्या डोकं घातलंय ते सौर विजेत. सेलला डीसी लागते, सोलर पॅनेल डीसीच देतं, आणि ऊन आपल्याकडे कमी नाही. अडचण अशी की सकाळी नऊला करंट निम्म्याहून कमी असतो. पाण्याचा प्रवाह तसाच ठेवला तर द्रावण ०.३ टक्क्यांचं निघतं, आणि डोसची बादलीवरची रेघ खोटी ठरते. प्रवाह फार कमी केला तर दुपारी ऊन चढताच द्रावण तापतं. त्यामुळे करंटच्या मागोमाग प्रवाह कमीजास्त करणारा पंप हवा. करंट मोजायला शंट आहेच, पंपाला वेग बदलणारी मोटर बसवली आहे, आणि दोघांना जोडणाऱ्या कंट्रोलरचं गणित आम्ही या उन्हाळ्यात पॅकहाऊसच्या स्किडवर तपासतोय. ढग आल्यावर पंप किती झटकन हळू व्हायला हवा, यावर आप्पांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.